साखरेची चूळ: थुंकून टाकूनही फायदा कसा?

पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना कुणी बाटलीतलं साखरपाणी तोंडात खेळवून थुंकलं, तर मागचा सायकलवाला म्हणेल, 'अरे, गिळ की! पैसे पडलेत ना त्याला?' त्याचं चुकत नाही. शंभरेक वर्षं खेळाडूंना हेच सांगितलं गेलं. 1924 च्या बोस्टन मॅरेथॉननंतर काही धावपटूंच्या रक्तातली साखर फार उतरलेली आढळली, पुढच्या वर्षी त्यांना गोळ्या-मिठाई चारली आणि फरक दिसला. तेव्हापासून हिशोब सरळ होता: साखर पोटात, तिथून रक्तात, तिथून स्नायूंत.

घोळ झाला तो तासाभराच्या शर्यतींत. 1997 मध्ये तिथेही साखरपाण्याने वेळ सुधारल्याचं दिसलं. पण तासाभरापुरता साठा शरीरात असतोच, आणि प्यायलेल्या साखरेतली स्नायूंना तेवढ्यात मिळते जेमतेम. मग बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी ग्लुकोज थेट शिरेतून दिलं. रक्तातली साखर वाढली, वेळ मात्र जागच्या जागी!

उरलं तोंड. 2004 मध्ये त्यांनी 9 सायकलपटूंना 6.4 टक्के माल्टोडेक्स्ट्रिनच्या, म्हणजे स्टार्चपासून केलेल्या पावडरच्या, पाण्याने (400 मिलिलिटरला साधारण 25 ग्रॅम) चूळ भरायला लावली. दर आठवा हिस्सा पार झाला की पाच सेकंद तोंडात धरायचं आणि थुंकायचं. तासाभराचं काम साध्या पाण्याच्या तुलनेत जवळपास 3 टक्के लवकर उरकलं, म्हणजे पावणेदोन मिनिटांहून जास्त. माल्टोडेक्स्ट्रिन जवळजवळ बेचवच, तेव्हा श्रेय गोडीला देता येईना. 2009 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये ग्लुकोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन तोंडात असताना बक्षिसाची जाणीव आणि हालचालींशी जोडलेले भाग जागे झालेले दिसले. सॅकरिनने, म्हणजे साखर नसलेल्या नुसत्या कृत्रिम गोडीने, तसं झालं नाही. जीभ मेंदूला 'माल येतोय' अशी वर्दी देते आणि मेंदू हात थोडा सैल सोडतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

सगळीकडे हे जमलं असं नाही. 2007 मध्ये धावपटूंवर चूळ फुकट गेली, 2009 मध्ये पोटभर खाऊन बसलेल्या सायकलपटूंवरही. 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात इंग्लंडचे खेळाडू मैदानावर पिचकाऱ्या टाकताना दिसले आणि प्रकार घरोघरी पोचला.

माझ्या मते पुण्यात याचा उपयोग पहाटे नुसत्या चहावर सिंहगड रस्त्याला लागणाऱ्यांना, किंवा चतुर्थीचा उपास मोडायचा नाही पण घाटही सोडवत नाही, अशांना. पोहे हाणून निघालेल्यांनी फार आशा धरू नये. आणि महाबळेश्वरपर्यंत सायकल न्यायची असेल तर साठा खरोखरच संपतो. तिथे गिळायलाच हवं.