मॅथ्यू लायन

मॅथ्यू लायन (१७४९–१८२२) : अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचा आरंभीच्या काळातील सदस्य आणि राजद्रोह कायद्याखाली शिक्षा झालेला पहिला माणूस. जन्म आयर्लंडमधील विकलो परगण्यात. जहाजाच्या भाड्यापुरतेही पैसे नसल्याने तो पोरवयात करारबद्ध नोकर म्हणून कनेटिकटला आला. पुढे बैलजोडीच्या बदल्यात त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे गेला. विरोधक त्यावरून हिणवत. हा मात्र त्या बैलांचीच शपथ घेई, असे सांगतात. व्हरमाँटमध्ये त्याने १७८३ साली फेअर हेवन हे गाव वसवले. तेथे त्याच्या गिरण्या, लोखंडाचा कारखाना आणि छापखानाही होता.

१७९७ मध्ये तो थॉमस जेफरसनच्या रिपब्लिकन पक्षातर्फे (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा) प्रतिनिधिगृहात आला. संसद तेव्हा फिलाडेल्फियात भरे. जानेवारी १७९८ मध्ये कनेटिकटचा सदस्य रॉजर ग्रिसवोल्ड याने लायनच्या लष्करी सेवेतील बडतर्फीवरून टोमणा मारला आणि लायन त्याच्या तोंडावर थुंकला. त्याला काढून टाकण्याच्या ठरावाला ५२ विरुद्ध ४४ मते पडली. दोन-तृतीयांश बहुमत काही जमले नाही. तीन दिवसांनी, १५ फेब्रुवारीला, ग्रिसवोल्डने भर सभागृहात त्याच्यावर काठी चालवली. लायनने शेगडीजवळचा चिमटा उचलला. व्यंगचित्रकारांची चंगळ झाली.

याच वर्षी जुलैमध्ये सरकारविरोधी लिखाणाला गुन्हा ठरवणारा राजद्रोह कायदा आला. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सला डामडौल आणि खुशामतीची हाव असल्याचे लायनने एका पत्रात म्हटले होते. पत्र लिहिले कायदा होण्याआधी, छापून आले नंतर. खटल्याला तेवढे पुरले. ऑक्टोबरमध्ये त्याला चार महिने कैद आणि १,००० डॉलर दंड झाला. व्हर्जेन्सच्या तुरुंगात असतानाच मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. त्याचे तोंड बंद करायला निघालेल्यांनीच त्याला हुतात्मा करून ठेवले.

१८०१ मध्ये जेफरसन आणि ॲरन बर यांना समसमान मते मिळाल्याने राष्ट्राध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे आली. तेथे दर राज्याला एकच मत होते. व्हरमाँटचे दोन सदस्य परस्परविरोधी पक्षांचे, त्यामुळे राज्याचे मत वाया जाई. छत्तिसाव्या फेरीत दुसरा सदस्य बाजूला राहिला आणि लायनच्या मताने व्हरमाँट जेफरसनकडे गेले.

त्यानंतर तो केंटकीत स्थायिक झाला आणि १८०३ ते १८११ तेथून निवडून आला. नंतर धंदा बुडाला. १८२० मध्ये आर्कान्सात चेरोकी या मूलनिवासी लोकांसाठीच्या सरकारी व्यापारी ठाण्यावर त्याची नेमणूक झाली. तेथेच स्पाड्रा ब्लफ येथे तो वारला. संसदेने त्याचा दंड १८४० मध्ये व्याजासह त्याच्या वारसांना परत केला.