‘सोलरचा शॉर्ट सर्किट करंट कमी, म्हणून आर्क फ्लॅशचा धोका नाही’: खुलासा

आर्क फ्लॅश म्हणजे करंट हवेतून उडी मारून पेटणारा, भाजून काढणारा भडका. पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट (दोन टोकं थेट जुळल्यावर वाहणारा) नेहमी काम करतानाच्या करंटपेक्षा जेमतेम ५ ते १० टक्के जास्त असतो, हे खरं. धोका नेमका त्यामुळेच वाढतो.

२४ स्ट्रिंगांचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळ्यांचा) कंबायनर बॉक्स घ्या, म्हणजे त्यांचा करंट एकत्र करणारी पेटी. प्रत्येकीचा शॉर्ट सर्किट करंट १३ अँपिअर, फ्यूज २० अँपिअरचा. बसबारवर (सगळ्यांचा करंट जमा होतो त्या धातूच्या पट्टीवर) आर्क पेटला तरी प्रत्येक फ्यूजमधून १३ अँपिअरच जाणार, तो उडणार कसा? शिवाय डीसी करंट एसीसारखा वारंवार शून्यावर येत नाही, म्हणून आर्क आपोआप विझत नाही. ऊन आहे तोवर आर्क जळत राहू शकतो.

एनएफपीए ७० ई (विद्युत सुरक्षेचं अमेरिकन मानक) मधल्या ढोबळ सूत्राने १००० व्होल्ट, ३१२ अँपिअर (२४ × १३), २ सेकंद, आर्कपासून ४५ सेंमी अंतर धरलं, तर अंगावर येणारी उष्णता साधारण १.५ कॅलरी प्रति चौ. सेंमी येते. दुसऱ्या दर्जाच्या भाजण्याला १.२ पुरतात. बंद पेटीत हा आकडा तिपटीपर्यंत धरतात. त्यातही सूत्र आर्क करंट निम्माच मानतं. पॅनेल मात्र जवळजवळ पूर्ण करंट देतं, म्हणजे अंदाज कमी पडू शकतो. आयईईई १५८४ ही आर्क फ्लॅश मोजण्याची दुसरी पद्धत इथे लावू नका, ते तीन फेज एसीसाठी आहे.

लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना, फ्यूज होल्डर उघडणं ही नेहमीची घोडचूक. आधी इन्व्हर्टर थांबवा, डीसी आयसोलेटर (पुरवठा तोडणारा स्विच) बंद करा, प्रत्येक स्ट्रिंगवर क्लॅम्प मीटरने करंट शून्य असल्याची खात्री करा. मगच होल्डरला हात. स्ट्रिंगकडची टोकं तरीही जिवंतच असतात, म्हणजे त्यांवर व्होल्टेज असतंच.