घोड्याचं पोट बैलाचं नव्हे

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि कितीतरी घोड्यांचे मालक बदलतात. देवमण, म्हणजे गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा, आहे का, बाकीचे भोवरे कुठं पडलेत, हे बारकाईनं बघितलं जातं. केसांच्या भोवऱ्याचा मालकाच्या नशिबाशी काडीचा संबंध नाही, पण भाव त्यावर चढतो-उतरतो. पोटाचं मात्र कुणी विचारत नाही. घरी आणलेला घोडा बैलाशेजारी बांधला जातो, बैलासारखाच खाऊ घातला जातो आणि पोटशूळ तिथूनच सुरू होतो.

बैलाचा चारा आधी कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात आंबतो, मग पचतो. घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. पुढच्या सुमारे 20 मीटर लहान आतड्यात दाण्यातलं पिष्ट पचतं. कडब्यातले तंतू तसेच पुढे अंधनालात, म्हणजे तीसेक लिटरच्या पिशवीत उतरतात. तिथले आणि मोठ्या आतड्यातले जीवाणू ते आंबवतात आणि त्यातून निघणाऱ्या मेदाम्लांवर घोड्याची बरीचशी ताकद चालते.

आता एकाच वेळी चार किलो मका किंवा भरडा समोर टाकला, तर लहान आतड्याला सगळं पिष्ट पचवता येत नाही. उरलेलं अंधनालात जातं. तिथं लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू भराभर वाढतात, आम्लता चढते, तंतू पचवणारे जीवाणू मरतात. मेलेल्या जीवाणूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन नावाचं विष रक्तात उतरतं. पोट वायूनं फुगतं, आणि एक-दोन दिवसांत टापा गरम लागू लागतात. खुराच्या भिंतीला आतल्या हाडाशी जोडणारे पातळ पापुद्रे सुजतात, घोडा पुढच्या पायांवर भार देईनासा होतो. दुखणं पोटातलं, लंगडणं पायात, म्हणून उपचार भलत्याच जागी होतात.

त्यात घोड्याला ओकता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथलं स्नायूंचं कडं इतकं घट्ट असतं, की जठर तट्ट भरलं तर फुटू शकतं, पण वर काही येत नाही.

थंडीत वेगळाच धोका. घोडा पाणी कमी पितो आणि कोरडा, जाड कडबा मोठं आतडं जिथं वळून एकदम अरुंद होतं तिथं गच्च बसतो. दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पोटात जायला हवं. गार पाण्याला तोंड लावत नसेल तर कोमट करून द्या, मीठ चाटायला ठेवा.

400 किलोच्या घोड्याला रोज 6 ते 8 किलो कोरडा चारा, थोडा थोडा करून. चंदी, म्हणजे दाणा, एका वेळी दीड किलोच्या वर नको, तीही चाऱ्यानंतर. नवं खाद्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. बुरशी आलेला मका अजिबात नको. कोंबडीखाद्यही नको: त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांसाठी मिसळलेलं औषध असेल तर एखाद्या ग्रॅमनं घोडा दगावतो.

घोडा कुशीकडे वळून बघतोय, जमीन उकरतोय, लोळतोय, लीद बंद आहे, तर दाणा-चारा काढून घ्या. नजर उतरवण्यात तास घालवू नका. बांबूच्या नळीनं तेल तर मुळीच पाजू नका, ते फुप्फुसात जातं. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालून औषध देतात. जबड्याच्या हाडाच्या खालच्या कडेला बोट ठेवून नाडी मोजा. उभ्या, शांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. 60 च्या वर गेली तर डॉक्टरांना लगेच बोलवा आणि फोनवरच सांगा: नाडी किती, शेवटची लीद कधी टाकली, काय आणि किती खाल्लं.