मांदेलीची डोकी, बोकडाची आतडी आणि दारातला कुत्रा

कोकणात कुत्र्याचं जेवण वेगळं शिजत नसे. सकाळची उरलेली पेज, दुपारचा भात, त्यावर ओतलेला कालवणाचा रस्सा, माशाची डोकी, भाकरीचा तुकडा, एवढ्यावर वाडीवाडीतली कुत्री वाढली. आता मुंबई-पुण्याहून गावी परतलेली कुटुंबं लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर घेऊन येतात, होमस्टेवाले जर्मन शेफर्ड पाळतात, आणि त्यांच्यासोबत कच्च्या आहाराची कल्पनाही गावात येते. कुत्रा मूळचा लांडगा. लांडगा शिजवून खात नाही. म्हणून कुत्र्यालाही कच्चं मांस, कच्ची हाडं, कच्चे अवयव द्यावेत, असा तो विचार. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये तो मांडला आणि 'बार्फ' या नावाने तो जगभर पोचला. बंदराजवळ राहणाऱ्याला तर तो फारच सोयीचा वाटतो. हर्णे असो, मिरकरवाडा असो की मालवण, मासळी साफ करणाऱ्या बायकांपुढे कल्ले, डोकी आणि पोटातल्या घाणीचा ढीग पडलेला असतो. रविवारी मटणाच्या दुकानामागे तसाच ढीग. ताजं, आणि तेही फुकट.

पण लांडग्याचं हे गणित सुरुवातीलाच चुकतं. कुत्रा माणसाजवळ राहू लागला त्याला किमान १४-१५ हजार वर्षं झाली, आणि एवढ्या काळात त्याचं पोटही बदललं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिष्ट (स्टार्च) पचवणारं अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्वादुपिंडात तयार होतं आणि त्याचा आराखडा ज्या जनुकात असतो, त्याच्या लांडग्याकडे २ प्रती असतात. कुत्र्यांमध्ये त्या ४ पासून ३० पर्यंत आढळल्या. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की ज्या प्रदेशांत शेती जुनी, तिथल्या कुत्र्यांत या प्रती जास्त. शेतीपासून दूर राहिलेल्या ऑस्ट्रेलियातल्या डिंगोत मात्र लांडग्याइतक्याच. भाताच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या पेजेवर जगलेला आपला गावठी कुत्रा शिजलेलं पिष्ट उत्तम पचवतो. कच्चं पिष्ट त्यालाही जड जातं. म्हणजे त्याच्या शरीराने माणसाची चूल गृहीत धरलेली आहे.

कच्च्या आहाराच्या बाजूने जे खरं आहे, तेही सांगायला हवं. कुत्री ते आवडीने खातात. मांसातली प्रथिनं आणि चरबी चांगली पचतात, त्यामुळे विष्ठा कमी होते. चरबीमुळे केसांवर चकाकीही येते. पण हे सगळे गुण मांसाचे आहेत, त्याच्या कच्चेपणाचे नाहीत. तेच मांस शिजवून दिलं तरी ते मिळतात.

आता मासळीकडे येऊ, कारण कोकणातला खरा प्रश्न तिथे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते.

१९३२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात चास्टेक नावाच्या गृहस्थांच्या शेतावर कातडीसाठी पाळलेले कोल्हे अचानक आजारी पडू लागले. आधी त्यांनी अन्न सोडलं, मग चालताना तोल जाऊ लागला, मान ताठ होऊन झटके आले आणि कोल्हे मेले. त्यांच्या खाण्यात कच्चा कार्प मासा मिसळला जात होता. पुढच्या दशकभरात उलगडा झाला, की काही माशांमध्ये थायामिनेज नावाचं विकर असतं आणि ते 'ब१' जीवनसत्त्वाचे, म्हणजे थायामिनचे, तुकडे करतं. थायामिनशिवाय पेशींना ग्लुकोजपासून ऊर्जा काढता येत नाही. सगळ्यात आधी कोलमडतात मेंदू आणि नसा, कारण त्यांचा सगळा भार ग्लुकोजवर. माणसात याच कमतरतेने बेरीबेरी होतो.

हे विकर सगळ्या माशांत नसतं. पण तारलीच्या आणि मांदेलीच्या कुळांतल्या कित्येक जातींत ते आढळलं आहे, आणि कोकणात मुबलक, स्वस्त, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला येणारे मासे नेमके हेच. माशाच्या मांसापेक्षा पोटातल्या भागांत ते सहसा जास्त असतं. म्हणजे आपण मासळी निवडताना जे काढून दारातल्या कुत्र्यापुढे टाकतो, त्यातच. एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी: हे विकर फक्त माशातलं थायामिन खाऊन थांबत नाही. कच्च्या माशाचे तुकडे पेजेत कालवून ठेवले, तर पेजेतलं थायामिनही भांड्यातच नासत जातं.

आणि पेज कशाची आहे यावरही बरंच ठरतं. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळात थायामिन जेमतेम उरलेलं असतं, कारण ते मुख्यतः कोंड्यात असतं आणि गिरणीत कोंडा जातो. कोकणातला उकडा तांदूळ इथे फार मोलाचा. भात उकडताना कोंड्यातलं थायामिन पाण्यासोबत दाण्याच्या आत शिरतं, मग गिरणीत कोंडा काढला तरी बरंचसं आतच राहतं. शिवाय पेजेतलं पाणी आपण ओतून देत नाही, त्यामुळे पाण्यात उतरलेलं जीवनसत्त्वही पोटात जातं. उकड्या तांदळाची पेज आणि त्यात शिजवलेली मासळी हे जुन्या घरांतलं कुत्र्याचं खाणं पोषणाच्या दृष्टीने बरंच शहाणपणाचं होतं. दुकानातल्या पांढऱ्या तांदळाचा भात आणि त्यावर कच्च्या मांदेलीची डोकी, ही जोडी मात्र दोन्ही बाजूंनी थायामिन तोडते.

उपाय अगदी साधा आहे. थायामिनेज हे प्रथिन आहे, उष्णतेने ते निकामी होतं. मासळी नीट उकळली की विषय संपला. शिजवताना थोडं थायामिनही जातं, पण विकर जिवंत राहिल्याने होणाऱ्या नुकसानापुढे ते क्षुल्लक. फ्रीजरमध्ये ठेवून मात्र हे विकर मरत नाही. एखाद दिवशी कुत्र्याने कच्चा मासा पळवला म्हणून घाबरायचं कारण नाही. आठवडेच्या आठवडे रोज तेच खाणं चाललं, तर धोका. अशा कुत्र्याने अन्न सोडलं आणि तो झोकांड्या खाऊ लागला, तर पशुवैद्याला 'हा कच्ची मासळी खातो' हे आवर्जून सांगावं. वेळीच थायामिनची इंजेक्शनं मिळाली तर जनावर झपाट्याने सुधारतं. मांजरांना थायामिनची गरज कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असते, तेव्हा मासळीच्या टोपलीभोवती घुटमळणाऱ्या मांजरीची काळजी आधी घ्यावी.

मटणाच्या ढिगाचा धोका याहून वेगळा आहे, आणि मला तो जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात कुत्र्याला काहीच होत नाही. आजारी पडतो तो माणूस.

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा एक पट्टकृमी आहे. तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो, लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर. एका कुत्र्यात हजारो असले तरी कुत्रा खेळता-बागडता दिसतो. या कृमींची अंडी विष्ठेतून अंगणात, कुरणात, परसातल्या भाजीवर पडतात. चरणाऱ्या शेळीच्या पोटात अंडं गेलं, की तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेली गाठ धरते. तिला हायडॅटिड गाठ म्हणतात. बोकड कापल्यावर यकृतावर अशी फुग्यासारखी गाठ दिसली, की ते यकृत कोणी घेत नाही, आणि ते फेकलं जातं कुत्र्यापुढे. तिथे चक्र पूर्ण होतं. गाठीतल्या कृमीच्या प्रत्येक सूक्ष्म डोक्यापासून कुत्र्याच्या आतड्यात एक नवा कृमी तयार होऊ शकतो आणि साधारण ६ ते ७ आठवड्यांत नवी अंडी बाहेर पडू लागतात.

माणूस या चक्रात शेळीच्या जागी येतो. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसंच जेवायला बसलेलं मूल, न धुता खाल्लेली मुळ्याची पानं, एवढं पुरतं. मग वर्षानुवर्षं काहीच कळत नाही. गाठ हळूहळू वाढते, बहुतेकदा यकृतात, कधी फुप्फुसात, आणि दहा-दहा सेंटिमीटरची झाल्यावर पोटदुखी किंवा खोकल्याच्या निमित्ताने सोनोग्राफीत सापडते. ती आतच फुटली तर तीव्र अॅलर्जीने जीवही जाऊ शकतो. उपचार आहेत, औषधं आणि शस्त्रक्रिया दोन्ही, पण लांबलचक आणि खर्चिक.

हे चक्र तोडता येतं, याचा पुरावा इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँड हा या रोगाने पोखरलेला देश होता. १८६३ मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्ब तिथे गेले, त्यांनी कुत्री तपासली, आणि मग लोकांना समजेल अशा भाषेत पुस्तिका घरोघर गेल्या: जनावरांचे गाठी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, पुरा किंवा जाळा. पुढे कायदे झाले, कुत्र्यांना जंताची औषधं सुरू झाली आणि आइसलँडमधून हा रोग हद्दपार झाला. मेंढ्यांचा देश असलेल्या न्यूझीलंडनेही याच मार्गाने जाऊन २००२ मध्ये आपण हायडॅटिडमुक्त झाल्याचं तात्पुरतं जाहीर केलं. दोन्हीकडे कळीची गोष्ट एकच होती, कच्चे अवयव कुत्र्याच्या तोंडी न जाऊ देणं.

आपल्याकडे गटारीला, जत्रेला, लग्नाकार्यात बोकड कापला जातो तेव्हा आतडी, फुप्फुसं, टाकाऊ यकृत कुठे जातं, हे पाहणं प्रत्येक वाडीच्या हातात आहे. कुत्रा उकरू शकणार नाही इतका खोल खड्डा, किंवा मोठ्या टोपात अर्धा तास खळखळून उकळणं, दोन्ही चालतं. उकळलेलं फुप्फुस कुत्र्याने आनंदाने खावं. ज्या कुत्र्याला कच्चे अवयव खायची सवय आहे, त्याच्या जंताच्या गोळीत प्राझिक्वांटेल आहे ना, हे पशुवैद्याकडून पक्कं करून घ्यावं; गोल जंतांसाठी दिली जाणारी कितीतरी औषधं या कृमीचं काही बिघडवत नाहीत. गोळी कृमी मारते, अंडी मारत नाही, म्हणून त्यानंतरच्या दिवसांतली विष्ठा उचलून पुरायला हवी. कोंबडीच्या दुकानातल्या टाकाऊ भागांत हा कृमी नसतो, पण तिथे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू असतात.

'कुत्र्याच्या जठरातलं आम्ल सगळं मारतं' हे वाक्य यावर हमखास ऐकू येतं. आम्ल तीव्र असतं, खरंच. पण कॅनडात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साल्मोनेला असलेलं कच्चं अन्न १६ कुत्र्यांना एकेकदा दिलं, तेव्हा ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून तो जिवाणू पुढच्या काही दिवसांत बाहेर पडला. एकही कुत्रा आजारी दिसत नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात विकत मिळणाऱ्या कच्च्या प्राणिखाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. लिस्टेरिया गर्भवती बाईच्या बाळाला धोकादायक ठरतो. हे शीतसाखळीतलं, पॅकबंद खाद्य होतं. मे महिन्यात कोकणातल्या दमट उकाड्यात तासभर थाळीत पडलेल्या कोंबडीच्या पोटातल्या भागांत काय होत असेल, याचा अंदाज यावरून करावा. अनुकूल तापमानात जिवाणू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्यात उरलेल्या तुकड्यांवर रात्री उंदीर येतात, आणि लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाच्या, पट्ट्यात उंदरांना अंगणात आमंत्रण देणं परवडणारं नाही.

शिजवून द्यायचं ठरलं की दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कोंबडीची शिजलेली हाडं देऊ नयेत, ती चिरफळून टोकदार होतात. कच्ची हाडं त्या मानाने लवचीक असतात हे खरं, पण त्यांनीही दात तुटतात आणि आतडं अडतं. पिल्लांना हाड अजिबातच न देता नुसतं मांस दिलं तर वेगळीच आपत्ती: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम त्याच्या पंधरा-वीस पटींनी कमी, म्हणून शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि पिल्लाचे पाय वाकतात, मोडतात. इथे आपली छोटी मासळी कामी येते. तारली किंवा मांदेली कुकरमध्ये काटे बोटाने चुरडतील इतकी शिजवली, की कॅल्शियम आपोआप पेजेत मिसळतं. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर प्रमाण मात्र पशुवैद्याला विचारूनच ठरवावं. कुत्र्याचा वाटा कांदा-लसूण घालायच्या आधी बाजूला काढावा, कारण दोन्हींमुळे त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पावसाळ्यात, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असताना, खारवलेला बांगडा त्याच्या पुढे टाकण्याचा मोह होतो. त्यातलं मीठ कुत्र्याला झेपत नाही.

शिजवूनही न सुटणारे धोके दोन. बांगडा, कुपा, सुरमई अशी मासळी उन्हात पडून राहिली, की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात, आणि ते उकळून जात नाही. त्यामुळे 'आपल्याला नको, कुत्र्याला शिजवून घालू' हा हिशेब वास आलेल्या बांगड्याला लावू नये.

दुसरा धोका केंड माशाचा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाली की हा फुगणारा मासा वाळूत फेकून दिला जातो. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि कित्येक जातींत कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन असतं. ते नसांचे संदेश थांबवतं, उष्णतेला दाद देत नाही, आणि त्यावर उतारा नाही. कुत्र्याला उलट्या होतात, मागचे पाय लुळे पडतात, मग श्वास थांबतो. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या किनाऱ्यांवर कुत्री मरू लागली, तेव्हा तपासात हेच विष निघालं, तिथे एका समुद्री गोगलगायीत. तारकर्ली-वेंगुर्ल्याच्या वाळूवर सकाळी कुत्रा मोकळा सोडणाऱ्यांनी रापणीच्या जागेपासून त्याला साखळीनेच न्यावं, आणि जाळ्यातला केंड वाळूत न टाकता तिथेच खोल पुरावा अशी रापणकरांना विनंती करावी. केंड कुठला हे त्यांना सगळ्यांच्या आधी ओळखता येतं.