व्हिनियर टिकते ते एनॅमलमुळे

फोंड्याला मावसबहिणीचे लग्न ठरले आणि पुढच्या दोन दातांवर सिरॅमिक व्हिनियर, म्हणजे दर्शनी बाजूला चिकटवायचे पातळ कवच, बसवायचा विषय निघाला. मावशीचा पहिला प्रश्न होता, "दात किती तासणार?" तिने नेमके वर्मावर बोट ठेवले. या उपचाराचा सगळा इतिहास त्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

१९३० च्या आसपास कॅलिफोर्नियातले दंतवैद्य चार्ल्स पिंकस नटनट्यांच्या दातांवर पातळ कवच बसवत. दात तासणे नाही. कवळीच्या पावडरीने चिकटवायचे, शूटिंग संपले की काढायचे. कायमचे चिकटवणार कशाने, हाच प्रश्न होता.

तो सुटायला दोन टप्पे लागले. १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, बारीक छिद्रे पाडून खरखरीत केले. त्या छिद्रांत चिकटवायचे रेझिन घट्ट रुतून बसते. मग १९८३ मध्ये सिमनसन आणि कॅलामिया यांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाने पोर्सिलेनची आतली बाजूही तशीच खरखरीत करून दाखवली. आपले बांबोळीचे दंत महाविद्यालय १९८० चे, म्हणजे या शोधाहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे.

पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात निळ्या अझुलेजो फरशा आहेत. तशी एखादी सुटी फरशी हातातून पडली तर तिचे तुकडे होतील. भिंतीत पक्की बसली की पिढ्या जातात. व्हिनियरचेही तसेच. सिरॅमिक दाब सोसते, ताण सोसत नाही, आणि खालचा आधार वाकला की ताण येतो. एनॅमलचा ताठपणा सुमारे ८० गिगापास्कल, साध्या पोर्सिलेनच्या जवळपास. एनॅमलखालच्या मऊ थराचा, डेंटिनचा, २० च्याही खाली. म्हणून तासता तासता डेंटिन उघडे पडले की आधार लवचीक होतो आणि चिकटही कमी धरते. हिरडीजवळ तर एनॅमल ०.३ ते ०.५ मिलिमीटरच असते. नुसत्या नजरेच्या अंदाजाने तिथे बर (तासायचे फिरते टोक) चालवणे मला धोक्याचे वाटते.

दाताच्या चावायच्या कडेवरही बराच वाद झाला. कड तशीच ठेवायची, सपाट कापायची, की व्हिनियर वळवून टाळूच्या बाजूला न्यायचे? टाळूकडच्या खोलगट भागात चावताना ताण एकवटतो, तिथे गेलेली सिरॅमिकची पातळ जीभ तुटण्याची भीती असते. सपाट कापलेली कड प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत चांगली ठरली आहे. शिवाय ती लॅबला बनवायला सोपी. नव्वदीच्या अखेरीस लिथियम डायसिलिकेट हे नवे सिरॅमिक आले. ते साध्या पोर्सिलेनहून कितीतरी चिवट, तरी एनॅमलची उणीव भरून काढण्याच्या भरवशावर ते वापरू नये.

बहिणीच्या डॉक्टरांनी आधी दातांवर रेझिनचा तात्पुरता आकार चढवला आणि त्याच्यातूनच मोजून तासले. दातावर भर घालायची होती, त्यामुळे मूळ दात फारसा गेलाच नाही. बसवण्याआधी त्यांनी एक व्हिनियर मावशीच्या बोटावर ठेवले. उजेडाकडे धरले तर कांद्याच्या पापुद्र्यासारखे आरपार दिसत होते. "किती तासले?" मावशीने पुन्हा विचारले. मध्यावर अर्धा मिलिमीटर, हिरडीपाशी ०.३, तेही त्या तात्पुरत्या आकारापासून मोजून.