पिंपावरची फुलं

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तेच आलं: पाण्याशी प्रेमाने बोला, त्याचे स्फटिक सुंदर होतात, शिव्या द्या, वेडेवाकडे होतात. मला आमच्या लालबागच्या चाळीतलं मोरीजवळचं पिंप आठवलं. नळाच्या वेळेला त्याच्या कानावर पडणारे शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. तरी अंगभर नेच्याच्या पानांसारखी करडी फुलं! मान जरा हलवली की गडद फूल फिकट व्हायचं आणि शेजारचं फिकट गडद.

असल्या पिंपाचा लोखंडी पत्रा वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला गोठतं आणि प्रत्येक फूल म्हणजे त्याचा एक स्फटिक. पण गोठताना त्याला फांद्या का फुटतात?

गोठणारा द्रव आतली उष्णता, म्हणजे अप्रकट उष्मा, बाहेर टाकतो. पाणी ग्रॅममागे ८० कॅलरी. ही उष्णता कुठल्या बाजूने जाते, यावर सगळं ठरतं. बर्फाच्या ट्रेमध्ये ती तयार बर्फातूनच बाहेर पडते आणि पुढचं पाणी तुलनेने गरम असतं. एखादं टोक पुढे घुसलंच, तर त्या पाण्यात त्याची वाढ मंदावते. म्हणून बर्फ आणि पाण्यामधली हद्द सपाट राहते.

आता उलट बघा. द्रव गोठणबिंदूच्या खाली उतरलाय, पण गोठलेला नाही: अतिशीत द्रव. इथे उष्णता समोरच्या द्रवातच टाकावी लागते. खचाखच भरलेल्या लोकलमध्ये दाराबाहेर झुकलेल्याला तिन्ही बाजूंनी वारा लागतो, आतले एकमेकांच्या घामात उकडतात. स्फटिकावरच्या उंचवट्याचं तसंच. त्याच्यासमोर समतापरेषा (सारखं तापमान जोडणाऱ्या रेषा) दाटीने येतात, म्हणजे थोड्या अंतरात तापमान झपकन उतरतं, उष्णता झटकन निघते, म्हणून तो वाढतो आणि आणखी थंड द्रवात शिरतो. दोन टोकांमधली खाच मात्र शेजाऱ्यांच्या उष्णतेत अडकते. मग टोकाच्या अंगावरही उंचवटे येतात, फांदीला उपफांद्या फुटतात.

तरी टोक सुईहून बारीक होत जात नाही, कारण पृष्ठताण. टोक जितकं अणकुचीदार, तितका तिथला गोठणबिंदू खाली. त्यामुळे बारीक सुरकुत्या पुसल्या जातात, फार रुंद लाटा रेंगाळतात आणि मधलीच एक तरंगलांबी बाजी मारते. १९६३ मध्ये मलिन्स आणि सेकेर्का या शास्त्रज्ञांनी हे गणितात बसवलं. गोल स्फटिकासाठी त्यांचं साध्यात साधं उत्तर असं: तेवढ्या थंडीत जेमतेम तग धरणाऱ्या कणाच्या त्रिज्येच्या सातपट होईपर्यंत गोळा गोळाच राहतो, पुढे बिघडतो. फांद्या कुठल्या दिशांना जाणार, ते अणूंची मांडणी ठरवते. जस्ताची षट्कोनी, म्हणून काही फुलांत सहा पाकळ्या स्पष्ट मोजता येतात.

पाण्याची बंद बाटली फ्रीझरमध्ये न हलवता ठेवली, तर कधीकधी पाणी उणे ८ अंशांवरही द्रव राहतं. ती ओट्यावर आपटा: पांढऱ्या सुया सरसर धावतात. पण बाटलीचा दगड होत नाही. ८ अंशांच्या थंडीत ग्रॅममागे ८ कॅलरीच मावतात, म्हणून साधारण दहावा हिस्सा बर्फ होतो आणि उरलेलं पाणी शून्यावर येऊन थांबतं.

यंदा पावसाआधी सोसायटीच्या गच्चीवर नवे पत्रे आले. मी हौसेने वाकून पाहिलं, तर फुलं दिसेचनात, नुसता बारीक रवा. पूर्वी जस्तात शिशाचा अंश असायचा, त्याने फुलं मोठी यायची. शिसं विषारी म्हणून कमी केलं की ती बारीक होतात. पत्रे चढवणारा म्हणाला, "साहेब, माल एकदम साफ आहे. डाग नाही एक."