स्पेनमध्ये धंदा बुडायला लागला तर अर्ज कधी करायचा, काय लागतं, आणि लोक कुठे अडकतात

बँकेचा हप्ता परत गेला की मग वकील बघू, असं इथे बरेच जण करतात आणि तिथेच फसतात. स्पेनचा दिवाळखोरी कायदा म्हणतो की देणी नियमित भागवता येत नाहीयेत हे तुम्हाला कळलं, किंवा कळायला हवं होतं, तेव्हापासून दोन महिन्यांत अर्ज करा. ते "कळायला हवं होतं" दोनदा वाचा. सेगुरिदाद सोशियालचे (सरकारी सामाजिक विम्याचे) हप्ते तीन महिने थकलेत, पगार उधारीवर चाललेत, आणि तुम्ही म्हणताय नोटीस तर कालच आली, तर हे कोर्ट ऐकत नाही. उशीर झाला की मालकाचीच चूक असं आधी धरलं जातं, तसं नाही हे सिद्ध करायचं तुम्ही, आणि नाही जमलं तर दुसऱ्याची कंपनी चालवायलाही २ ते १५ वर्षं बंदी येऊ शकते.

आता पात्रता. २०२२ च्या सुधारणेनं छोट्या धंद्यांसाठी वेगळी प्रक्रिया आणली, ती १ जानेवारी २०२३ पासून लागू आहे. मागच्या वर्षी सरासरी दहापेक्षा कमी कामगार हवेत, आणि उलाढाल ७ लाख युरोच्या आत किंवा एकूण देणी साडेतीन लाखाच्या आत. इथे "किंवा" आहे बरं का, दोन्ही अटी एकदम लागत नाहीत. ऑटोनोमोही (स्वतःच्या नावावर धंदा करणारेही) यात येतात. आणि बार्सिलोनाच्या सेल्सा स्टील कंपनीची बातमी वाचून (सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टानं कर्ज देणाऱ्या फंडांचा प्लान मंजूर केला आणि मालक घराण्याच्या हातून कंपनी गेली) लोक विचारतात की आम्हालाही तसला रिस्ट्रक्चरिंग प्लान (कर्जाची फेरमांडणी) मिळेल का. नाही, तो मोठ्यांचा मार्ग, छोट्यांना त्यांच्याच प्रक्रियेत जावं लागतं.

फॉर्म ऑनलाइन असतो, पण अबोगादो (वकील) आणि प्रोकुरादोर (कोर्टात तुमच्या वतीनं कागदपत्रं देणारा-घेणारा प्रतिनिधी) दोघंही लागतात. घेणेकऱ्यांची यादी, मालमत्तेची यादी, कामगारांची माहिती, हे तर सगळे आणतात. अडतं ते हिशोबावर. पैसे संपले की माणूस सगळ्यात आधी हेस्तोरची (हिशोब आणि कराची कागदपत्रं बघणाऱ्याची) फी थांबवतो, मग वार्षिक हिशोब रेहिस्त्रो मेर्कान्तिलमध्ये (कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयात) जमाच होत नाहीत. मागच्या तीन वर्षांपैकी एका वर्षाचेही राहिले असले तरी पुन्हा तेच, दोष तुमचा असं धरलं जातं. म्हणून कळकळीनं सांगतो, बाकी काही थांबवा पण हेस्तोरचे पैसे देत राहा.

अर्जाआधी घेणेकऱ्यांशी बोलणी चालू आहेत असं कोर्टाला कळवता येतं, त्यानं तीन महिने मिळतात. छोट्या धंद्यांना पुढची मुदतवाढ नाही, आणि तीन महिने संपल्यावर अजूनही देणी भागत नसतील तर लगेच अर्ज करावाच लागतो. या काळात बँकेची जप्ती थांबते, पण आसिएंदा (कर खातं) आणि सेगुरिदाद सोशियालची तशी थांबत नाही. धंद्याला लागणाऱ्या वस्तूवर त्यांची जप्ती असेल तर फार तर लिलावाचा टप्पा अडतो. हे कुणी आधी सांगत नाही, आणि मग खातं गोठलं की लोक कोर्टाच्या दारात रडत येतात, फार वाईट वाटतं बघून.

शेवटचा घोळ कर्जमाफीचा. ती फक्त व्यक्तीला मिळते, एस.एल. ला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) नाही. कंपनी बंद झाली तरी तुम्ही स्वतःच्या सहीनं जामीन राहिलेलं कर्ज तसंच तुमच्या डोक्यावर राहतं, त्यासाठी स्वतःच्या नावानं वेगळा अर्ज लागतो. आणि सरकारी देणं "१० हजार माफ" असं जे फिरतंय ते अर्धवट आहे: पहिले ५ हजार पूर्ण, त्यापुढचं निम्मं, असं करत जास्तीत जास्त १० हजार, आसिएंदाला वेगळे आणि सेगुरिदाद सोशियालला वेगळे. म्हणजे ८ हजार थकले असतील तर साडेसहा हजार माफ, दीड हजार भरायचेच. आयुन्तामिएन्तोचे (नगरपालिकेचे) थकलेले कर यात धरू नका. युरोपियन कोर्टात यावर दाद मागून झाली, ७ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला की योग्य कारण दिलं असेल तर देशाला सरकारी देणं माफीतून वगळता येतं, त्यामुळे निकालाच्या आशेवर अर्ज लांबवू नका, आणि सरकारी देण्यावरची ही सवलत फक्त पहिल्याच माफीला मिळते म्हणून अर्ज करण्याआधी दोन्हीकडची थकबाकी कागदावर मागवून घ्या.